ठरलेल्या वेळी मॅट्रिक्स आपोआप बदलवायचा आहे: टायमर कसा लावायचा, प्रोग्रॅम कसा करायचा

तुमचा प्रश्न मला असा समजला. नागपुरात नंदनवन भागात कोचिंग क्लास आहे, आठ इन आठ आउटचा एचडीएमआय मॅट्रिक्स (कोणत्याही इनपुटचं चित्र कोणत्याही आउटपुटवर टाकणारा डब्बा) बसवलाय, त्याला लॅन पोर्ट आहे आणि आरएस-२३२ म्हणजे जुन्या पद्धतीचा सिरियल पोर्ट पण आहे. सकाळी ७ ला फोयरच्या टीव्हींवर नोटीस, ९:३० ला मोठ्या हॉलचा कॅमेरा बाकीच्या दोन क्लासरूममधे, दुपारी परत नोटीस, संध्याकाळी डाउट सेशनसाठी प्रोजेक्टरवर सरांचा लॅपटॉप आणि रात्री ९ ला सगळं बंद. आज हे सगळं चौकीदार काका रिमोटनं करून राहिले, आणि काका गावी गेले की तिकडे लेक्चर सुरू होऊन राहतं आणि इकडे पोट्टे फी भरायच्या तारखा बघत बसतात. तर कोणता नेटवर्क टायमर घ्यावा आणि तो प्रोग्रॅम कसा करावा, असं विचारलंय तुम्ही.

आधी काय घ्यायचं नाही ते सांगतो. भिंतीच्या सॉकेटचा वायफाय प्लग आणि पॅनेलमधे बसणारा डिजिटल टायमर, हे दोन्ही फक्त करंट चालू-बंद करतात, तीन नंबरचा इनपुट पाच नंबरच्या आउटपुटवर टाक हे त्यांना सांगता येत नाही. तुम्हाला पाहिजे असं काहीतरी जे घड्याळ बघेल आणि नेटवर्कवरून मॅट्रिक्सला शब्दात कमांड पाठवेल. त्यासाठी क्रेस्ट्रॉन, एएमएक्स, एक्स्ट्रॉन यांचे कंट्रोल प्रोसेसर येतात, त्यात शेड्युलर असतो, चांगले असतात, पण एका मजल्याच्या क्लाससाठी तो खर्च मला तरी पटत नाही आणि उद्या वेळापत्रक बदललं की प्रोग्रॅमरला फोन लावावा लागतो. तुमच्या कामाला रास्पबेरी पाय (हातात मावणारा छोटा कॉम्प्युटर, पुढे नुसतं ‘पाय’ म्हणतो) पुरतो, किंवा ऑफिसात जुना मिनी पीसी पडला असेल तर तोच घ्या, त्यात घड्याळाचा सेल असतो आणि हार्डडिस्क असते, म्हणजे पायचे दोन मोठे रोग त्याला नाहीत. त्यावर लिनक्स टाका. कोड लिहायचा कंटाळा असेल तर नोड-रेड टाका, ब्राउझरमधे डब्बे जोडून काम होतं, पोर्ट १८८०. मी स्वतः पायथॉनची छोटी स्क्रिप्ट पसंत करतो कारण ती दोन वर्षांनी उघडली तरी काय चाललंय ते कळतं.

आता खरा मुद्दा. बहुतेक लोक टायमर असा प्रोग्रॅम करतात की ९:३० वाजले, ही कमांड फेक. १:०० वाजले, ती कमांड फेक. क्रॉनमधे (लिनक्सचा ठरल्या वेळी कमांड चालवणारा प्रोग्रॅम) पाच-सहा ओळी टाकल्या आणि झालं. आणि हे पहिले काही दिवस एकदम मस्त चालतं. मग एक दिवस ९:२८ ला लाइट जाते आणि ९:३४ ला येते. ९:३० ची कमांड निघून गेली, ती परत येत नाही. मॅट्रिक्स चालू होतो आणि कंपनीनं ठरवलेल्या स्थितीत, नाहीतर बंद होतानाच्या स्थितीत उभा राहतो, आणि पुढची कमांड थेट १ वाजता. साडेतीन तास चुकीचं चित्र. यावर कोणी सांगेल की सिस्टमडीचे (लिनक्समधली कामं चालवणाऱ्या यंत्रणेचे) टायमर वापरा, त्यात पर्सिस्टंट नावाची सेटिंग आहे, सुटलेलं काम मशीन चालू झाल्यावर ते करून टाकतं. ते खरं आहे, पण बॅकअप घ्यायला ते चांगलं, आपल्याला धोक्याचं, कारण रात्रभर बंद राहिलेलं मशीन सकाळी उठून काल रात्रीचं ‘सगळं बंद कर’ हे काम सकाळी करून टाकेल.

म्हणून टायमरमधे घटना लिहू नका, स्थिती लिहा. एक साधा तक्ता करा, एक्सेलमधे करून सीएसव्ही म्हणून सेव्ह केला तरी चालतं. प्रत्येक ओळीत वार, कधीपासून, कधीपर्यंत, आणि त्या काळात कोणत्या आउटपुटवर कोणता इनपुट, प्रोजेक्टर चालू का बंद, आवाज कुठला. चोवीस तासातला एकही मिनिट रिकामा ठेवायचा नाही, रात्रीचीसुद्धा ओळ पाहिजे. मग स्क्रिप्टचं काम एकच: दर मिनिटाला उठायचं, घड्याळ बघायचं, या क्षणी कोणती ओळ लागू आहे ते शोधायचं, मॅट्रिक्सला विचारायचं की बाबा तुझी आत्ता काय स्थिती आहे, आणि फरक असेल तरच कमांड द्यायची. लाइट ९:३४ ला येवो की १०:१०ला, मशीन उठल्याबरोबर ९:३० ची ओळ वाचेल आणि योग्य जागी आणून ठेवेल. क्रॉन यात फक्त दर मिनिटाला स्क्रिप्ट उठवायला, बाकी अक्कल सगळी तक्त्यात.

यात एक गोची आहे आणि ती आधीच सोडवा, नाहीतर टीचर लोक तुमच्या नावानं बोंब मारतील. सरांनी मधेच रिमोटनं लॅपटॉप लावला, एका मिनिटात टायमरनं परत कॅमेरा लावला. सरांनी परत लावला, यानं परत काढला. शेवटी कोणीतरी नेटवर्कची वायर उपटतो आणि तिथून पुढे तुमचा टायमर शोभेचा. म्हणून नियम असा ठेवायचा की टायमर जोर फक्त दोन वेळा लावेल: तक्त्यातली ओळ बदलते तेव्हा, आणि मशीन किंवा मॅट्रिक्स नुकताच चालू झाला तेव्हा. बाकी वेळी फरक दिसला तर लॉगमधे म्हणजे नोंदींच्या फाइलमधे लिहील आणि गप्प बसेल. म्हणजे ११ वाजता सरांनी हातानं काही बदललं तर ते १ वाजेपर्यंत तसंच राहील आणि १ ला आपोआप गाडी रुळावर. मॅट्रिक्स नुकताच चालू झाला हे कसं ओळखायचं, तर आधीच्या मिनिटाला तो उत्तर देत नव्हता आणि आता देतोय, एवढं पुरतं. आणि लेक्चर लांबतंच, त्यासाठी पायच्या जीपीआयओला (बटन, दिवे जोडायच्या पिना) एक साधं पुश बटन लावून टेबलाखाली बसवा, एकदा दाबलं की पुढचा बदल १५ मिनिटं पुढे ढकलला जाईल, सोबत एक एलईडी की बटन लागलं हे दिसावं. मोबाइल ॲप वगैरे करत बसू नका, टीचर लोक बटनच दाबतात.

पहिल्या दिवशी प्रोग्रॅम लिहायलाच बसू नका. आधी लॅपटॉप मॅट्रिक्सला जोडा, पुटीसारखा टर्मिनल प्रोग्रॅम उघडा आणि हातानं कमांड टाइप करून बघा. बऱ्याच मॅट्रिक्सचा लॅन पोर्ट टेलनेट पद्धतीनं २३ नंबरवर बोलतो, काहींचा वेगळा पोर्ट असतो, मॅन्युअलच्या शेवटच्या पानांवर दिलेला असतो. इथे हमखास अडकायच्या जागा सांगतो. कमांडच्या शेवटी काय पाहिजे, नुसता कॅरेज रिटर्न म्हणजे आस्की १३, की त्याच्यासोबत लाइन फीड म्हणजे १० पण, हे चुकलं की मॅट्रिक्स काहीच बोलत नाही आणि माणूस दुपारभर केबल बदलत बसतो. इनपुटची मोजणी १ पासून आहे की ० पासून. कॅपिटल अक्षरं लागतात का. आणि टेलनेट असेल तर जोडल्याबरोबर मॅट्रिक्सकडून आधी २५५ पासून सुरू होणारे काही विचित्र बाइट येऊ शकतात, मग स्वागताची ओळ, मग खरं उत्तर. स्क्रिप्टनं हा कचरा वाचून फेकला पाहिजे नाहीतर ती स्वागताच्या ओळीलाच उत्तर समजते. अजून एक म्हणजे स्वस्त मॅट्रिक्स एका वेळी एकदोनच कनेक्शन घेतात, तुम्ही पुटी उघडी ठेवून जेवायला गेलात तर टायमरला दार बंद. म्हणून स्क्रिप्टनंही काम झालं की कनेक्शन बंद करायचं, टाइमआउट ३ सेकंदांचा ठेवायचा, उत्तर नाही आलं तर थोडं थांबून परत, असं तीनदा, आणि तरी नाही तर लॉगमधे नोंद.

लॅनचा भाग वारंवार लटकत असेल तर आरएस-२३२ वापरा, जुनी चीज आहे पण दगडासारखी. बहुतेक ठिकाणी ९६०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. नऊ पिनच्या कनेक्टरमधे २, ३ आणि ५ एवढ्याच तारा लागतात, २ आणि ३ सरळ की उलट हे बघून घ्यायचं, आणि केबल १५ मीटरच्या आत ठेवायची. पायच्या पिनांवरून थेट सिरियल जोडू नका हं, त्या ३.३ व्होल्टच्या आहेत आणि आरएस-२३२ मधे प्लस-मायनस व्होल्टेज त्याच्या कितीतरी पट असतं, पिन गेलीच समजा. मधे मॅक्स३२३२ चं व्होल्टेज जुळवणारं बोर्ड टाका किंवा सरळ यूएसबी ते सिरियल कन्व्हर्टर घ्या, बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) मिळून जातं. दोन कन्व्हर्टर लावले असतील तर रीबूटनंतर त्यांचे नंबर आपसात बदलू शकतात आणि मॅट्रिक्सची कमांड प्रोजेक्टरला जाते, म्हणून नंबरावर भरोसा न ठेवता कोणत्या यूएसबी पोर्टात खोचलंय त्यावरून नाव पक्कं करून घ्यायचं, लिनक्समधे तशी सोय आहे.

नेटवर्कबद्दल थोडक्यात. मॅट्रिक्स, टायमर, प्रोजेक्टर, टीव्ही यांचे पत्ते कधी बदलले नाही पाहिजेत. यांना इंटरनेटच्या राऊटरवर लटकवू नका. राऊटर बदलला की एकाचं घर १९२.१६८.१ असतं, दुसऱ्या कंपनीचं १९२.१६८.२९, आणि एका दुपारी सगळी सिस्टम मुकी. त्यापेक्षा स्वतःचा एक छोटा स्विच, त्यावर फक्त एव्हीची म्हणजे ऑडिओ-व्हिडिओची उपकरणं, सगळ्यांना हातानं दिलेले पत्ते, समजा १९२.१६८.५०.१० मॅट्रिक्स, .११ प्रोजेक्टर असं, आणि ही यादी छापून रॅकच्या दाराला आतून चिकटवा. टायमरला मिनी पीसी वापरला तर त्याची एक जोडणी वायरनं एव्हीच्या स्विचमधे आणि दुसरी वायफायनं इंटरनेटवर, फक्त घड्याळ मिळवायला. बाहेरून बघायचं असेल तर व्हीपीएन वापरा, राऊटरवर २३ नंबरचा पोर्ट उघडून ठेवू नका, टेलनेटमधे पासवर्डसुद्धा उघडा जातो. आणि मॅट्रिक्सकडून टीव्हीकडे जाणारी कॅट-६ एचडीबेसटीची (एचडीएमआयचं चित्र लांब नेायची पद्धत) असेल तर ती दिसायला नेटवर्कसारखी असली तरी नेटवर्क नाही, ती कधीच स्विचमधे खोचायची नाही, थेट ट्रान्समीटर ते रिसीव्हर. मुलं साफसफाई करताना हमखास खोचतात. त्या वायरींना वेगळ्या रंगाचं टेप लावा.

घड्याळाकडे लोक दुर्लक्ष करतात आणि टायमरमधे तेच मुख्य. इंटरनेटवरून वेळ एनटीपीनं मिळते, यूडीपी पोर्ट १२३, आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचा सर्व्हर आहे आणि भारतासाठीचा एनटीपी पूल पण आहे, दोन्ही टाकून ठेवा. टाइमझोन आशिया-कोलकाता. बाहेरचा तयार टायमर घेतला तर त्यात साडेपाच तासांचा झोन निवडता येतो का ते दुकानातच बघा, काहींत फक्त पूर्ण तास असतात आणि मग अर्धा तास कायमचा मागेपुढे. डेलाइट सेव्हिंग असेल तर बंद.

नेट नसेल तर काय, हा पुढचा प्रश्न. रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या बोर्डात सेलवर चालणारं घड्याळच नाही, लाइट गेली की तो शेवटची साठवलेली वेळ घेऊन उठतो आणि नेट येईपर्यंत भूतकाळात जगतो. पाय ५ मधे घड्याळ आहे पण सेल वेगळा जोडावा लागतो, सेलशिवाय ते काही कामाचं नाही. जुन्या पायला डीएस३२३१ चं सेलवर चालणारं घड्याळाचं मॉड्यूल लावा. त्याहून स्वस्त मॉड्यूल मिळतात पण आपल्या नागपुरात ते घेऊ नका, कारण सांगतो. साध्या घड्याळाचा ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल २५ डिग्रीला बरोबर चालतो आणि त्याच्यापासून जितकं दूर जाल तितका तो मागे पडतो, तेही फरकाच्या वर्गाच्या हिशोबानं, साधारण दहा लाखात ०.०३४ गुणिले फरकाचा वर्ग. मे महिन्यात बाहेर ४५, बंद रॅकच्या आत ५० आरामात. म्हणजे २५ डिग्रीचा फरक, वर्ग ६२५, गुणाकार करा, दहा लाखात २१. दिवसाचे सेकंद ८६,४०० धरले तर रोज पावणेदोन सेकंदांच्या वर मागे, महिन्याला जवळपास मिनिटभर. डीएस३२३१ आपलं तापमान स्वतः मोजून दुरुस्ती करतं, ० ते ४० डिग्रीत दहा लाखात २ चा फरक, म्हणजे वर्षाला मिनिटभर, आणि ४० च्या वर थोडा जास्त. एवढा आपल्याला चालतो. आणि स्क्रिप्टमधे एक पहारा ठेवा: मशीन उठल्यावर घड्याळ ना एनटीपीनं जुळलं, ना सेलच्या घड्याळातून आलं, तर काहीही बदलू नको, नुसता लाल एलईडी लाव. चुकीच्या वेळेनं केलेलं काम हे न केलेल्या कामापेक्षा वाईट.

प्रोजेक्टरसाठी पीजेलिंक (नेटवर्कवरून प्रोजेक्टर चालवायची सामाईक भाषा) बघा, बऱ्याच कंपन्यांच्या नेटवर्क प्रोजेक्टरमधे असतं, टीसीपी पोर्ट ४३५२. पॉवरची स्थिती विचारली की ० म्हणजे स्टँडबाय, १ चालू, २ थंड होतोय, ३ गरम होतोय. २ आणि ३ च्या काळात दिलेली कमांड तो नाकारू शकतो, एरर ३ येतो, म्हणून तो आकडा येत असेल तर स्क्रिप्टनं चिडून परत परत कमांड मारायची नाही, पुढच्या मिनिटाला बघायचं. इथे आपली स्थितीवाली पद्धत परत कामी येते, कारण दर मिनिटाला ती विचारणारच आहे. फक्त हातानं बंद केलेला प्रोजेक्टर तिनं लगेच चालू करू नये, तिथेही तोच दोन वेळांचा नियम. क्रॉनमधून थेट पीजेलिंकची कमांड मारणाऱ्यांसाठी एक सूचना: पीजेलिंकची प्रत्येक कमांड टक्क्याच्या चिन्हानं सुरू होते आणि क्रॉनच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवीन ओळ, त्यामुळे टर्मिनलमधे चालणारी कमांड क्रॉनमधे गुपचूप मरते. टक्क्याच्या आधी बॅकस्लॅश द्या किंवा कमांड वेगळ्या फाइलमधे ठेवा. क्रॉनची अजून एक खोड म्हणजे महिन्याची तारीख आणि वार दोन्ही भरले तर ते ‘दोन्ही जुळलं तर’ असं न समजता ‘एक जरी जुळलं तर’ असं समजतं.

टीव्हींचं म्हणाल तर कमर्शियल डिस्प्लेमधे नेटवर्क कंट्रोल नीट असतो, सॅमसंगचा एमडीसी १५१५ पोर्टवर, सोनी ब्राव्हियाचा सिंपल आयपी २००६० वर. घरगुती टीव्ही लावले असतील तर वेक-ऑन-लॅन (नेटवर्कवरून टीव्ही जागा करणं) चालतं का बघा, नाही चाललं तर टीव्ही चालूच ठेवून मॅट्रिक्समधून काळं चित्र द्या, रात्री सिग्नल गेला की बरेच टीव्ही स्वतःच झोपतात. सीईसीच्या (एचडीएमआय वायरीतून एका उपकरणानं दुसऱ्याला चालू-बंद करायची सोय) भरोशावर राहू नका, उलट सगळीकडे ते बंदच करा, नाहीतर एक टीव्ही बंद केला की तो सोर्सला पण झोपवतो आणि बाकी पाच ठिकाणी अंधार.

चित्राचं अजून एक. ‘कमांड गेली, ओके आलं, पण टीव्ही काळा’ असं झालं तर दोष टायमरचा नसून बहुधा ईडीआयडी (टीव्हीनं सोर्सला दिलेली आपली माहिती) किंवा एचडीसीपीचा (कॉपी रोखणारं कुलूप) असतो. प्रत्येक टीव्ही आपली कुवत सोर्सला सांगतो, मॅट्रिक्स बदलला की ही ओळखपरेड परत होते आणि त्यात दोन-चार सेकंद जातात, कधी बिनसतं. मॅट्रिक्समधे प्रत्येक इनपुटला ठरावीक ईडीआयडी लावून टाका, १०८०पी ६० हर्ट्झ, दोन चॅनेल ऑडिओ, आणि विषय संपवा. फळ्यावरचं लिहिलेलं दाखवायला ४के कशाला पाहिजे, त्यानं केबलचा त्रास तेवढा वाढतो. ही दोन-चार सेकंदं धरूनच तक्त्यात ९:३० ऐवजी ९:२८ लिहा, प्रोजेक्टर असेल तर ९:२५, त्याला गरम व्हायला वेळ लागतो.

आवाजाचं मात्र नीट ऐका. मॅट्रिक्समधे ऑडिओ वेगळा काढायची सोय असेल तर हॉलचा माइक कधीच एचडीएमआयच्या भरोशावर सोडू नका, मिक्सरमधून थेट न्या. स्विच करताना ‘ठप्प’ असा आवाज येतो, स्पीकरची आणि पोरांच्या कानांची दोघांची वाट लागते, म्हणून क्रम असा लिहा: आधी म्यूट, अर्धा सेकंद थांब, मग स्विच, मग सिग्नल पक्का व्हायला तीन-चार सेकंद, मग अनम्यूट. सकाळी चालू करताना सोर्स आणि मिक्सर आधी, ॲम्प्लिफायर सगळ्यात शेवटी. रात्री उलटं, ॲम्प्लिफायर सगळ्यात आधी बंद. बाहेर गेटजवळ स्पीकर असेल तर रात्री १० ते सकाळी ६ त्या आउटपुटवर म्यूट, हे तक्त्यात नको, स्क्रिप्टमधेच पक्कं लिहा म्हणजे कोणी तक्ता बदलवून पण ते उठणार नाही. उघड्यावरच्या लाउडस्पीकरला त्या वेळात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे.

टायमर, स्विच, वायफायचा राऊटर आणि मॅट्रिक्स एका यूपीएसवर. ॲम्प्लिफायर आणि प्रोजेक्टर त्यावर टाकू नका, यूपीएस दोन मिनिटांत बसेल. पाय वापरत असाल तर सेटिंगमधून ओव्हरले फाइल सिस्टम चालू करा, म्हणजे एसडी कार्डवर काही लिहिलंच जात नाही आणि अचानक लाइट गेली तरी कार्ड खराब व्हायची भीती कमी. लॉग मग पेन ड्राइव्हवर. अर्थिंग मोजून घ्या, न्यूट्रल आणि अर्थमधे दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर आधी वायरमनला बोलवा, कारण मॅट्रिक्स एका फेजवर आणि टीव्ही दुसऱ्या मजल्यावर दुसऱ्या फेजवर असेल तर तो फरक एचडीएमआयच्या पत्र्यातून वाहतो आणि पोर्ट जळतात. उन्हाळ्यात जमीन सुकते, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायला सांगा. आणि रॅक कूलरच्या समोर ठेवू नका हो! थंड राहील म्हणून लोक मुद्दाम तिथेच ठेवतात, त्या ओल्या हवेनं आणि धुळीनं कनेक्टर हिरवे पडतात. शक्य असेल तर ज्या खोलीत एसी आहे तिथे, नाहीतर रॅकला वरून एक एक्झॉस्ट पंखा आणि खालून जाळी.

सुट्ट्यांसाठी वेगळी फाइल ठेवा, तारीख आणि त्या दिवशी कोणता तक्ता. स्क्रिप्टनं आधी सुट्टीची फाइल बघायची, तारीख सापडली तर तो तक्ता, नाही तर वाराचा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट या तारखा पक्क्या, पण पोळा, तान्हा पोळा, गणपती, दसरा, दिवाळी तिथीनं येतात, दरवर्षी फिरतात, त्या कोडमधे घालायच्या नाहीत. नवं कॅलेंडर आलं की ऑफिसातल्या कोणीतरी बसून भरायच्या. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबत-बडग्यांच्या मिरवणुका निघतात, इतवारी-महालकडून येणारी पोरं पोचत नाहीत, त्या दिवशी क्लास बंद असेल तर ‘सुट्टी’, आणि परीक्षेच्या आधीचे ज्यादा रविवार असतील तर ‘रविवार-चालू’ असा तिसरा तक्ता. तक्ते चारच्या वर नेऊ नका, मग कोणालाच कळत नाही आज कोणता चाललाय.

टेस्ट करताना पूर्ण दिवस वाट बघायची गरज नाही. स्क्रिप्टला घड्याळाऐवजी खोटी वेळ देता येईल असं लिहा, मग ९:२७, ९:२८, ९:२९ अशा वेळा देऊन पाच मिनिटांत अख्खा दिवस फिरवून बघता येतो. त्यानंतर रविवारी क्लास रिकामा असताना खरी परीक्षा: चालू असताना मेन स्विच पाडा, पाच मिनिटांनी चढवा. मग नुसती मॅट्रिक्सची लॅन वायर काढा, परत लावा. मग इंटरनेट बंद ठेवून टायमर रीबूट करा. तिन्ही वेळा काहीही हात न लावता सगळं त्या वेळेच्या ओळीवर यायला पाहिजे. लॉगमधे प्रत्येक बदलाची वेळ, काय पाठवलं आणि काय उत्तर आलं एवढं लिहून ठेवा, पुढे ‘टायमर बिघडला’ अशी तक्रार आली की लॉगमधे सरळ दिसतं कमांड कितीला गेली आणि कोणी रिमोटनं कितीला बदललं.

एक गोष्ट मॅट्रिक्सच्या मॅन्युअलमधे आजच बघून घ्या, त्याला स्थिती विचारायची कमांड आहे का. काही स्वस्त मॉडेलमधे नसते, ते फक्त ऐकतात, सांगत नाहीत. तसं असेल तर शेवटी काय पाठवलं ते स्क्रिप्टनं स्वतःच्या फाइलमधे लक्षात ठेवायचं, ओळ बदलली की सगळ्या आठही आउटपुटच्या कमांड पाठवायच्या, दोन कमांडमधे अर्धा सेकंद अंतर ठेवायचं, आणि मॅट्रिक्स नेटवर्कवरून गायब होऊन परत आला की त्याला काहीच आठवत नाही असं समजून सगळ्या परत पाठवायच्या. नेटवर्कवर आहे की नाही ते पिंगनं कळतं. हातानं केलेला बदल मात्र मग लॉगमधे दिसणार नाही.